काकूने वाकडा शिवलेला फ्रॉक

रंजूचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होते. रंजू म्हणजे माझी चुलत बहीण, कुसुमकाकूची मुलगी. ती एवढंच म्हणाली, "माधू, आई गेली गं..." माणूस गेल्याचं कळल्यावर मनात सगळ्यात आधी काय येतं, ते कुणी कुणाला सांगत नाही. मी सांगते, कारण आमच्या घराण्यात स्वतःचं हसं करून घेण्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडेच आहे. हातात काकूनेच शिवलेला निळ्या फुलांचा सुती ड्रेस होता आणि मनात आलं, आता माझे कपडे कोण शिवणार? पन्नाशी उलटलेली बाई मी. रडू त्याच्यानंतर आलं. आलं ते मात्र थांबेना.

प्रश्न वाटतो तितका उथळ नव्हता. माझा पाठीचा कणा वाकडा आहे, लहानपणापासून. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली, पाठीवर एका बाजूचं हाड बाहेर आलेलं, कंबर एकीकडून आत गेलेली. हे वाचून माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी दचकतील, कारण इतकी वर्षं एका टेबलावर डबे खाऊनही त्यांच्या ते लक्षात आलेलं नाही. त्यांचं सोडा, नोकरीला लागेपर्यंत ते खुद्द माझ्याही लक्षात आलेलं नव्हतं! ही सगळी करामत कुसुमकाकूची. आता ती गेल्यावर मला एखाद्या परक्या माणसासमोर उभं राहून ते तोंडाने सांगावं लागणार होतं. तसं वाक्य घराबाहेर मी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. तशी वेळच तिने माझ्यावर येऊ दिली नव्हती.

आम्ही ठाण्याचे. टेंभी नाक्याच्या मागे दोन खोल्यांत राहायचो. काका-काकू डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या अंगाला, जिथे खाडीचा वारा आणि खाडीचे डास दोन्ही न विचारता घरात यायचे. परीक्षा संपली की मी बॅग घेऊन डोंबिवलीला. आई बॅगेत माझ्यापेक्षा कापडच जास्त भरायची, घरच्या फ्रॉकचं, युनिफॉर्मचं, परकराचं. आमच्या घराण्याचे वर्षाचे कपडे उन्हाळ्याच्या सुट्टीत काकूकडे शिवून व्हायचे. काकू कुठल्या क्लासला गेली नव्हती, तिचं शिवणाचं शिक्षण मासिकांतून झालं. काका कामावरून येताना रद्दीच्या दुकानातून मासिकं उचलून आणायचे. बायकांची मराठी मासिकं, आणि मधूनच एखादं परदेशी, ज्यात सोनेरी केसांच्या मुली उन्हाळी झगे घालून हिरवळीवर कारण नसताना हसत असायच्या. काकूला त्यातलं अक्षर वाचता येत नसे आणि तिला ते वाचायचंही नसे. तिला हवा असायचा मासिकाच्या मधोमध घडी घालून ठेवलेला नमुन्यांचा कागद. तो उलगडला की अख्खी खोली भरायची आणि आम्ही पोरं भिंतीला लागायचो. त्यावर पुष्कळशा कपड्यांचे नमुने एकावर एक छापलेले असत. कुणाची रेघ सलग, कुणाची तुटक, कुणाची ठिपक्यांची, कुणाची फुल्याफुल्यांची. मला नुसतं बघून गरगरायचं. काकू गुडघ्यांवर बसून त्यातली एक रेघ पकडायची, खाली कार्बन, त्याखाली वर्तमानपत्र, हातात नमुना उतरवायचं दातेरी चाक... आणि त्या जंजाळातून चाक असं घेऊन जायची, जसं भर बाजारात आई पोराचा हात धरून नेते. वाटेत शंभर रेघा आडव्या आल्या तरी हात सुटायचा नाही. काका पलंगावरून म्हणायचे, "जपून हो, नाहीतर माझा शर्ट फ्रॉक होऊन यायचा." काकू मान वर न करता म्हणायची, "आला तर घाला. घेर छान बसेल तुम्हाला."

मासिकातला नमुना बहुतेक वेळा अर्ध्याच माणसाचा असतो. शिवणाऱ्यांना हे ठाऊक आहे, न शिवणाऱ्यांसाठी सांगते. अर्धी पाठ, अर्धी छाती, एक बाही. कापड दुमडायचं, घडीवर कागद ठेवून कात्री चालवायची, उलगडलं की दुसरी बाजू आपोआप तयार. छापणाऱ्याने गृहीतच धरलेलं असतं की माणूस दोन्हीकडून सारखा असतो. रंजूचा फ्रॉक काकू असा घडी घालून एका दुपारी उडवायची. माझ्या फ्रॉकची पाळी आली की घडी मोडायची. सगळं कापड जमिनीवर पसरायचं. माझा डावीकडचा कागद वेगळा, उजवीकडचा वेगळा. एका खांद्याला उतार जास्त, एका बाजूची शिवण पोटाकडे सरकवलेली, एका बाजूला दोन चुण्या जास्तीच्या, त्याही अशा लपवलेल्या की पाहणाऱ्याला सगळा घेर एकसारखा वाटावा. रंजू भांडायची. "तिच्या फ्रॉकला दोन-दोन दिवस आणि माझा लगेच! मी काय सावत्र आहे?" काकू म्हणायची, "ती सरळ उभी राहत नाही मापाला. तू गुणाची आहेस, तुझं पटकन होतं." रंजू खूश. मी गाल फुगवून बसलेली. आज कळतं, त्या घरात खरं बोलून खरं झाकायची कला फक्त काकूला येत होती.

आणि माप घ्यायची तिची तऱ्हाही वेगळी. टेप गळ्यात टाकून ती म्हणायची, "हं माधू, शाळेत काय काय झालं ते सांग." मी सुरू. बाईंनी कुणाला कान धरून उभं केलं, कुणाच्या डब्यात काय निघालं, सगळं नकलांसकट. ती "हो का? मग?" करत टेप फिरवत राहायची. माप घेताना माणूस श्वास धरून ताठ होतो आणि ते माप खोटं असतं. बोलण्यात रंगला की आपल्या मूळ ठेवणीवर येतो. घराण्यात मी गप्पिष्ट म्हणून प्रसिद्ध आहे, लग्नाकार्यात मला मुद्दाम बोलायला बसवतात. त्याची सुरुवात अशी एका टेपमुळे झालेली आहे.

हे सारं ठरलं कसं, ते मला पुष्कळ उशिरा आईकडून कळलं. मी दुसरी-तिसरीत असताना आंघोळ घालताना आईला शंका आली. डॉक्टरांनी पाठीवरून बोट फिरवून सांगितलं, कणा बाक घेतोय, फार नाही, व्यायाम करा, वाढीच्या वयात लक्ष ठेवा. आई घरी येऊन रडली. मुलीची जात, पुढे कसं व्हायचं, वगैरे. ठाण्याच्या घरात तेव्हा काकू आलेली होती. ती म्हणे एवढंच बोलली, "व्यायामाचं तुम्ही बघा, कपड्यांचं माझ्याकडे सोडा. आणि वहिनी, पोरीसमोर 'वाकडी' हा शब्द नको. एकदा कानावर पडला की ती त्याच्याकडेच बघत बसेल जन्मभर." मग दाराच्या चौकटीला दांडी लागली आणि उंची वाढावी म्हणून मला रोज तिला लटकायचं काम मिळालं. उंची वाढली नाही ती नाहीच! आमच्या घरात आरसा कुंकू लावण्यापुरता. मला माझा चेहरा तेवढा ठाऊक होता आणि त्याबद्दल माझं मत फार चांगलं होतं.

एका वर्षी परदेशी मासिकात खांद्यावर नुसत्या पट्ट्या असलेला झगा आला. खांदे उघडे, पाठ अर्धी उघडी, खाली लिंबाच्या रंगाचा घेर. सुट्टीला जमलेल्या आम्ही सगळ्या बहिणी त्या चित्रावर तुटून पडलो. सगळ्यात जास्त हट्ट अर्थात मी धरला. काकू ते चित्र हातात घेऊन खिडकीशी बराच वेळ बसली होती. आता विचार करते तेव्हा वाटतं, काय काय आलं असेल तिच्या मनात... नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागणार, हो म्हणावं तर माझी पाठ सगळ्यांसमोर येणार. चार दिवसांनी सगळ्यांचे झगे तयार झाले. पट्ट्या होत्या, पण शिवून पक्क्या केलेल्या नव्हत्या. खांद्यावर गाठ मारून फुलासारखं बांधायच्या होत्या, म्हणजे एकीकडची गाठ वर आणि एकीकडची खाली बसली तरी चालणार. आणि पाठीवरून चांगली वीतभर रुंद झालर. माझ्या एकटीच्या नाही, झाडून सगळ्यांच्या. रंजू रडायलाच आली. "आई, चित्रात झालर नाहीये!" काकू म्हणाली, "चित्रातली पोरगी डोंबिवलीत राहत नाही. इथे डास आहेत." रंजू पाय आपटत गेली. मी त्या झग्यात गोल गोल फिरले आणि स्वतःला सोनेरी केसांची समजले. एका मुलीची पाठ झाकायला तिने सगळ्या मुलींच्या फॅशनचा बळी दिला, आणि वर अरसिक म्हणून नावही ओढवून घेतलं.

पण जिच्या हातून शंभर रेघांत रेघ सुटली नाही, तिची एकदा चूक झाली. चूकही अशी, की ती फक्त माझ्या काकूकडूनच होऊ शकली असती, कारण बाकी जग कापड दुमडून कापतं. त्या वर्षी आईने हातमागाचं चौकडीचं कापड दिलं होतं, दोन्हीकडून सारखं दिसणारं. काकूने माझे दोन्ही कागद पसरले, पण पालथे पडले. डावीचं उजवीला गेलं, उजवीचं डावीला. कापडाला सुलटउलट काही नसल्यामुळे शिवून होईपर्यंत कळलंच नाही. दुपारी चहाच्या वेळी मी तो फ्रॉक घालून लोखंडी कपाटाच्या लांब आरशासमोर उभी राहिले. आई मला न्यायला आलेली होती, रंजू शेंगदाणे खात बसली होती. आणि आरशात... चौकडीच्या सगळ्या रेघा एका बाजूला घसरत गेलेल्या. एक खांदा कानाशी, दुसऱ्या खांद्यावर कापडाचा फुगा. जे झाकायचं ते दुप्पट होऊन समोर आलेलं. रंजू ओरडली, "अय्या! माधू अशी वाकडी का दिसतेय?"

आईचा चेहरा मला आजही दिसतो. आणि मग काकू मोठ्याने हसत सुटली. "माधू कशाला वाकडी असेल! फ्रॉक वाकडा आहे. मीच मेली वाकडा शिवला. डोळे कुठे होते माझे, काय माहीत. काढ बाई तो, काढ आधी." हसत होती, पण माझ्या पाठीवरची बटणं काढताना दोन बटणं तिच्या हातून तुटली. तेव्हा मला वाटलं, तिला हसू आवरत नाहीये. संध्याकाळपर्यंत त्या फ्रॉकची हातपुसणी झाली.

त्यानंतर ती गोष्ट आमच्या घराण्याची ठेव झाली. काकूने कुणाला लेंगा शिवून दिला की कुणीतरी म्हणणार, "बघून घ्या हं, वाकडा तर नाही ना?" आणि ती गोष्ट रंगवून सांगणार कोण? मीच. खांदा वर करून, मान वाकडी करून, चौकडीच्या रेघा हातवाऱ्यांनी घसरवत. माणसं लोळायची. काकू सगळ्यात मोठ्याने हसायची. आपल्या शिवणाचा तिला केवढा अभिमान! बाजारातल्या शिंप्याने शिवलेली काजं बघून नाक मुरडणारी बाई ती. आणि तरी ती हसायची.

नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी ठाण्याच्या बाजारातून रेडिमेड ड्रेस घेतला. आयुष्यातला पहिला बाहेरचा कपडा. घरी येऊन घातला तर उजवा खांदा लोंबतोय, एका बाजूला खालची कड वर. मला संतापच आला. तो ड्रेस तसाच अंगावर ठेवून मी दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला झापलं, "एक खांदा मोठा शिवलाय! डोळे मिटून शिवता का?" त्याने बिचाऱ्याने दुसरा दिला. मी पडद्यामागे जाऊन घातला. तोही वाकडा. तिसरा. तोही. म्हटलं, "तुमचा सगळा मालच वाकडा!" त्या वयस्कर माणसाने तिसरा ड्रेस माझ्याकडून घेतला, हँगरला लावला, खुंटीवर टांगला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, बघा. सरळ आहे." ड्रेस खरंच सरळ होता. मग त्याच्या मोठ्या आरशात मी पहिल्यांदा कपड्याकडे नाही, स्वतःच्या खांद्यांकडे पाहिलं.

तशीच डोंबिवलीला गेले. काकू मशीनवर बसलेली होती. माझ्याकडे बघून तिला कळलंच.

"कोणी सांगितलं?"

"दुकानदाराने."

"मेल्याला दुसरे धंदे नाहीत."

"काकू, मला का नाही सांगितलंस गं?"

"काय सांगायचं होतं?"

"की मी वाकडी आहे."

तिने दाताने दोरा तोडला. "तुझं माप तसं आहे, बाकी काय? रंजूची मान आखूड, तुझ्या आईचा एक दंड जाड, काकांचं पोट तर सगळी डोंबिवली बघते. मी काय दवंडी पिटत फिरू?"

"आणि तो फ्रॉक? सगळे तुला हसतात. मी हसते!"

"मग? छान सांगतेस तू ती गोष्ट." आणि पुन्हा मशीनवर पाय मारत म्हणाली, "हसू देत. माझं काय जातंय? फ्रॉकच गेला एक."

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. तिने रडू दिलं, मग पोहे टाकले. त्यानंतर मी ती गोष्ट सांगणं सोडून दिलं असतं, पण तीच सोडेना. रंजूच्या लग्नात मांडवात सगळ्यांसमोर मला म्हणाली, "माधू, ती फ्रॉकची सांग ना गं, व्याह्यांनी ऐकलेली नाही." माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली. आणि मी सांगितली. सांगता सांगता तिच्याकडे बघत होते. व्याही पोट धरून हसत होते, ती त्यांच्यापेक्षा जास्त हसत होती, आणि माझ्या अंगावर तिने शिवलेला ब्लाउज दोन्ही खांद्यांवर असा बसलेला होता की त्या मांडवातल्या एकाही माणसाला काही दिसलं नाही. एवढं मोठं मन मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. एवढा मोठा हिशेबी हातही नाही.

शेवटची भेट झाली ती उन्हाळ्याच्या तोंडावर. अंथरुणालाच होती, नजर जवळजवळ गेलेली. मी वाकून नमस्कार केला तेव्हा तिने आशीर्वादाचा हात डोक्यावर न ठेवता थेट माझ्या खांद्यावर ठेवला आणि शिवणीवरून फिरवला. म्हणाली, "उजवीकडे आणखी उतरलाय गं. वयाने उतरतो. बरी झाले की बघते." हात बराच वेळ तिथेच होता.

दिवसकार्य आटोपलं, काही आठवडे गेले, उन्हाळा वाढला. लग्नानंतर मी कल्याणला राहते. आमच्या गल्लीत तळमजल्यावर एक तरुण मुलगी शिवणकाम करते. रोजच्या वापराचे सुती ड्रेस हवेच होते. दोन-तीनदा कापड घेऊन तिच्या दुकानावरून नुसतीच पुढे गेले, भाजी घेऊन परत आले. भाजी घरात सडायला लागली तेव्हा एका सकाळी आत शिरले.

"मावशी, मापाचा ड्रेस आणलाय ना?"

आणला होता. शिंप्याकडे जाताना चांगला बसणारा एक जुना कपडा मापाला न्यायचा, हे कुणी शिकवावं लागत नाही. मी निळ्या फुलांचा तिच्या हातात दिला आणि मनात म्हटलं, सुटले, काही बोलायला नको. तिने तो टेबलावर पसरला, सवयीने मधोमध दुमडला आणि थांबली. खांद्याला खांदा जुळेना. पुन्हा दुमडला. मग हसली.

"कोणी शिवलाय हो हा? पार फसलाय. एक खांदा उतरलेला, शिवण बघा कुठे गेलीय. तुम्ही कसा घालत होतात? थांबा, मी दोन्ही बाजू सारख्या करून शिवते."

मला फक्त "हो" म्हणायचं होतं. किंवा हसायचं होतं, मला ते चांगलं जमतं. गोष्ट तयारच होती तोंडात: अगं, आमची एक काकू होती, ती वाकडंच शिवायची... सगळे हसले असते. काकूही हसली असती. दुकानात आणखी एक बाई फॉल लावायला साडी घेऊन उभी होती, तीही वाकून बघत होती.

"फसलेला नाहीये," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "ड्रेस बरोबर शिवलाय. मी वाकडी आहे."

ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या खांद्यांकडे, मग टेबलावरच्या ड्रेसकडे. साडीवाली बाई उगाच साडीची घडी घालू लागली. मुलीने ड्रेस उलटा केला. आतली एक शिवण बोटाने चाचपली, मग दुसरी. चुण्या मोजायला लागली, मध्येच सोडून दिल्या.

"आईशप्पथ," ती हळूच म्हणाली. आणि मग, "हा ठेवून जा मावशी. मला नीट बघू दे."

ठेवून आले. नवीन ड्रेस दोन झालेत आतापर्यंत, पहिला जरा काखेत ओढतो, दुसरा बरा आहे. निळ्या फुलांचा मात्र मी परत आणलेला नाही. तो तिच्या दुकानात मशीनच्या वर खिळ्याला असतो. जाता-येता रस्त्यावरून दिसतो. तो आता घालायचा नाही, मापाला ठेवायचा.